एमसीबी पडतोय? आधी त्याचं ऐका!

प्रोजेक्ट टाइप करून होत आलाय. किंवा स्वामी रामानंद तीर्थ विद्यापीठाचा परीक्षा फॉर्म भरताय आणि आज शेवटची तारीख आहे. तेवढ्यात 'खट्' आवाज होतो, घरातली लाईट जाते. शेजारी बघावं तर टीव्ही मजेत चालू! मग घरातलं कुणीतरी म्हणतं, "तुझ्या त्या कॉम्प्युटरमुळंच होतंय." आणि दुसरं कुणीतरी सुचवतं, "तो एमसीबी काढ आणि वायर डायरेक्ट जोड."

दोस्तांनो, हा दुसरा सल्ला कुणीही दिला तरी ऐकायचा नाही. पडणारं बटण घरात कुठंतरी गडबड आहे एवढंच सांगत असतं. ती गडबड कुठली, हे शोधायला पदवी लागत नाही. थोडा धीर लागतो.

पडलं कोणतं?

मुखेडसारख्या गावात बऱ्याच जुन्या घरांत आजही फक्त फ्यूज किंवा एमसीबी असतो. नवीन घरांत त्यासोबत आरसीसीबीही दिसतो. जुने वायरमन त्याला ईएलसीबीच म्हणतात. तो रुंद असतो आणि त्यावर 'टी' लिहिलेलं छोटं बटण असतं.

दोघांचं काम वेगळं. जास्त करंट ओढला गेला किंवा शॉर्ट झालं, की एमसीबी पडतो. फेजमधून गेलेला करंट न्यूट्रलमधून तेवढाच परत आला नाही, म्हणजे वाटेत कुठंतरी गळाला, की आरसीसीबी पडतो. घरगुती आरसीसीबी ३० मिलिअँपिअरचा असतो. हे तुमचा जीव वाचवण्यासाठीच ठरवलेलं माप आहे.

कधी पडलं?

अर्ध्या तासानं एमसीबी पडत असेल, तर आधी बेरीज करा. ६ अँपिअरचा एमसीबी २३० व्होल्टला साधारण १३८० वॉट पेलतो. साधा कॉम्प्युटर मॉनिटरसकट दोन-तीनशे वॉटच्या आत भागवतो. पण त्याच लाइनवर हजार वॉटची इस्त्री आणि कूलर लावला, की हिशोब गेला! लोड कमी असूनही पडत असेल, तर एमसीबीचा ढिला स्क्रू तापत असू शकतो.

बटण दाबताक्षणी एमसीबी पडत असेल, तर संशय वायरवर, एक्स्टेंशन बोर्डावर किंवा एसएमपीएसवर, म्हणजे सीपीयूतल्या पॉवर सप्लायच्या डब्यावर. एसएमपीएस चालू होताना क्षणभर खूप करंट ओढतो. म्हणून सीपीयू, मॉनिटर, प्रिंटर एकाच बटणावर एकदम चालू करू नका.

आरसीसीबी पडत असेल, तर दोष एकट्या कॉम्प्युटरचा असेलच असं नाही. एसएमपीएसमधल्या फिल्टरमधून थोडासा करंट अर्थिंगकडं जातोच. फ्रिज, वॉशिंग मशीन यांचाही थोडा थोडा. सगळ्यांची बेरीज वाढली, की आरसीसीबी पडतो. इन्व्हर्टर बसवताना दोन लाइनचे न्यूट्रल एकत्र जोडले गेले असले, तरीही तेच होतं.

एकेक करून बघा

हात कोरडे, पायात चप्पल. एक्स्टेंशनवरचं सगळं काढा. नुसतं एक्स्टेंशन चालू करा. पडलं? मग चोर तिथंच आहे. नाही पडलं, तर बटण बंद करून आधी मॉनिटर, मग सीपीयू, मग प्रिंटर लावा. प्रत्येक वेळी बटण बंद करूनच पीन लावायची. सीपीयूची पॉवर केबल बदलून बघा. मग सीपीयू दुसऱ्या एमसीबीवरच्या खोलीत लावा. तिथंही पडला, तर दोष सीपीयूत. तिथं नाही पडला, तर पहिल्या खोलीच्या वायरिंगमध्ये.

सीपीयूला मुंग्या येतात?

कॅबिनेटला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील, तर अर्थिंग नीट नाही. आपली काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, अर्थिंगच्या खड्ड्यातली ओल जाते आणि अर्थिंग कमजोर पडतं. म्हणूनच जुनी माणसं त्या खड्ड्यात पाणी ओततात. थ्री-पिनची जाड पीन तोडून टू-पिनमध्ये घुसवणं, ही तर स्वतःच्या हातानं केलेली घोडचूक.

पावसाळ्यात उलटी गत. ऑगस्ट २०२५ मध्ये मुखेड तालुक्यातल्या काही गावांत पाणी शिरलं. अशा ओल्या घरातलं वायरिंग वायरमननं तपासल्याशिवाय मेन चालू करू नये. भिजलेला सीपीयू तर नाहीच नाही.

हे करू नका

एसएमपीएसचा डबा उघडू नका. पीन काढल्यावरही आतल्या कपॅसिटरमध्ये तीनशेच्या वर व्होल्ट राहू शकतात. ६ च्या जागी १६ चा एमसीबी बसवून घेऊ नका. त्यानं बटण पडायचं थांबेल, पण भिंतीतली बारीक वायर तापत राहील. एकदा वर केलेलं बटण लगेच पुन्हा पडलं, तर परत परत उचलू नका.

महिन्यातून एकदा 'टी' बटण दाबा. आरसीसीबी पडला पाहिजे. नाही पडला, तर तो असून नसल्यासारखा.

वायरमनला बोलावताना वहीत चार गोष्टी लिहून ठेवा: कोणतं बटण पडलं, किती वाजता, तेव्हा काय काय चालू होतं आणि काय काढल्यावर थांबलं. त्याचा अर्धा वेळ वाचेल. आणि "कॉम्प्युटरमुळंच होतंय" म्हणणाऱ्यांना दाखवायला तुमच्याकडं पुरावाही असेल.