तीन लाइफ आणि लोडशेडिंग

नव्वदचं दशक सरत आलं तेव्हा घोटीत प्रत्येक आळीत एखाद्या तरी घरी टीव्हीला व्हिडिओ गेम जोडलेला दिसू लागला. कुणाच्या काकाने तो मुंबईच्या मनीष मार्केटातून आणलेला, कुणी नाशिकला मेन रोडवर घासाघीस करून घेतलेला. डब्यावर नाव काहीही असो, आत निन्टेन्डोच्या १९८३ सालच्या फॅमिकॉमची नक्कल असायची. सोबतच्या कॅसेटवर '९९९९ इन १' छापलेलं. प्रत्यक्षात गेम मोजकेच. तेच फिरून फिरून वेगळ्या नावाने यायचे, एखादा थेट दुसऱ्या-तिसऱ्या स्टेजपासून सुरू व्हायचा. शुद्ध फसवणूक, पण त्या मोजक्यांत मारिओ आणि काँट्रा होते, त्यामुळे सगळं माफ. त्यात इगतपुरी तालुक्यातला पाऊस. आवणी सुरू झाली की मैदानांचा चिखल व्हायचा आणि पोरं टीव्हीपुढे.

'सुपर मारिओ ब्रदर्स' १९८५ चा. अख्खा गेम ४० किलोबाइटचा, म्हणून आकाशातला ढग आणि जमिनीवरचं झुडूप ही एकच आकृती, फक्त रंग वेगळा. सूचना लिहायला जागा नव्हती, आणि असत्या तरी इंग्रजी वाचणार कोण? शिगेरू मियामोटो आणि ताकाशी तेझुका यांनी शिकवण्याचं काम पडद्यावरच सोपवलं. मारिओ डावीकडे उभा, उजवीकडे मोकळी जागा; चालायचं कुठे ते कळलं. पुढे प्रश्नचिन्हाचा चमकता ठोकळा आणि समोरून येणारा शत्रू, गुंबा. धडकलात की मेलात, पण नुकसान चार पावलांचं. दुसऱ्यांदा उडी मारता. एक तर गुंबावर पडता, नाही तर ठोकळ्याला डोकं लागून मशरूम निघतं. ते आधी उजवीकडे घरंगळतं, पाइपला आपटतं आणि उलटं तुमच्याच अंगावर येतं. दचकून उडी मारावी तर वरच्या ठोकळ्यांना आपटून खाली, बहुतेक वेळा त्या मशरूमवरच. मारिओ मोठा होतो. एक शब्द न बोलता शत्रू, बक्षीस आणि उडी तिन्ही शिकवून झाले. यापेक्षा चांगला पहिला तास मी शाळेतही पाहिला नाही.

उडीचं गणितही तसंच. बटण टिचकीसारखं दाबलं तर छोटी उडी, दाबून धरलं तर उंच. पळत येऊन मारली तर लांब, आणि उतरल्यावर पाय थोडे घसरतातच. भातखाचरांच्या बांधावरून पाट ओलांडणाऱ्या पोरांना हे समजवावं लागलं नाही. मारिओला हवेतही दिशा बदलता येणं मात्र खऱ्या जगात अशक्य कोटीतलं. त्याबद्दल कुणी कधी शंका काढली नाही.

आता लाइफबद्दल. तीन लाइफचा हिशेब आर्केडमधला. १९८१ चा 'डाँकी काँग' तुम्हाला मारायचा, कारण तुम्ही मेल्याशिवाय दुसरं नाणं पडायचं नाही. घरच्या गेमला नाणं लागत नव्हतं, तरी नियम राहिला. छोटा गेम महिनोन् महिने पुरवायचा तर माणसाला पुन्हा पुन्हा पहिल्या स्टेजला धाडणं स्वस्त पडतं. पोरांनी त्यातूनही वाट काढली. मारिओच्या ३-१ मध्ये, म्हणजे तिसऱ्या वर्ल्डच्या पहिल्या स्टेजमध्ये, शेवटच्या पायऱ्यांवर कासव पायरीला टेकवून त्याच्यावर उड्या मारत राहिलं की लाइफ वाढतच जायच्या. हावरटपणाला शिक्षाही होती: १२७ च्या पुढे गेलात की आकडा उलटायचा आणि पुढच्या मरणाला थेट गेम ओव्हर. काँट्रात ३० लाइफसाठी वर-वर-खाली-खाली-डावी-उजवी-डावी-उजवी-बी-ए. हा कोड कोनामीच्या काझुहिसा हाशिमोतो यांनी १९८६ च्या 'ग्रॅडियस'साठी ठेवला, कारण चाचणी घेताना त्यांना स्वतःलाच तो गेम पुरा करता येईना. गेम बनवणाराच हरत होता, हे आम्हाला तेव्हा कळायला हवं होतं.

मरणाचा आणखी एक प्रकार जपानी गेमवाल्यांच्या हिशेबात नव्हता: लोडशेडिंग. 'झेल्डा'च्या कॅसेटमध्ये खेळ साठवायला बॅटरी होती, 'मेगा मॅन २' पासवर्ड द्यायचा. मारिओत यातलं काहीच नाही. आठव्या वर्ल्डला वीज गेली की परत १-१.

मग कॉम्प्युटर क्लास आले. २००१ मध्ये एमकेसीएल स्थापन झाली आणि एमएस-सीआयटीच्या पाट्या गावोगावी लागल्या. सर बाहेर गेले की पडद्यावर 'डेंजरस डेव्ह'. आधी ट्रॉफी, मग दार. जॉन रोमेरोच्या या गेममध्ये कडेला पोचलं की चित्र धक्क्याने पुढे सरकायचं, कारण तेव्हाच्या पीसीला मारिओसारखं सलग सरकणं जमत नव्हतं. जॉन कारमॅकने ते १९९० मध्ये जमवलं, आणि पहिला नमुना मारिओच्या स्टेजमध्ये डेव्हलाच पळवून दाखवला. जॉर्डन मेकनरचा 'प्रिन्स ऑफ पर्शिया' (१९८९) वेगळ्याच जातीचा. भावाच्या पळण्या-उडण्याच्या चित्रफितीवरून काढलेला राजपुत्र माणसासारखा जड. एकदा उडी मारली की हवेत वळणं नाही. मुदत ६० मिनिटांची. पाऊल टाकण्याआधी विचार करायला लावणारा तो आमचा पहिला गेम.

हल्ली 'रेट्रो' म्हणून निघणाऱ्या बऱ्याच गेमनी नुसते चौकोनी ठिपके उचललेत. चांगल्यांनी जुना जाच ओळखून बाजूला काढला. 'सेलेस्टे'त (२०१८) कड्यावरून पाय सुटल्यावरही सेकंदाचा दहावा भाग उडीचं बटण चालतं. लाइफची मोजणी नाही, मेलात की त्याच पडद्यावर लगेच पुन्हा उभे. 'शव्हेल नाइट'मध्ये (२०१४) चेकपॉइंट फोडून जास्त माल घ्यायचा की तो राखायचा, हे खेळणाऱ्याने ठरवायचं. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सचा 'राजी' (२०२०) त्रिमितीतला, पण त्यातलं भिंतीवरून पळणं प्रिन्सच्या घराण्यातलं. माझ्या मते 'सेलेस्टे' मारिओहून अवघड आहे आणि तरी जास्त न्यायाचा. तिथे मेलात तर चूक तुमची असते, नाण्याची नसते.

घरातल्या पोरांना यातलं काही द्यायचं असेल तर मोबाइलच्या काचेवर देऊ नका. या खेळांची सगळी कारागिरी बटण किती वेळ दाबून धरलं यात आहे. साधा कीबोर्ड जोडा, आणि पहिला गुंबा कसा चुकवायचा ते सांगू नका.