शनवाऱ्यातील जुने संगणक कोठे जातात?

बऱ्हाणपुरातील शनवारा दरवाज्याच्या परिसरात दिवसभर गिऱ्हाइकांची वर्दळ असते. एके काळी दुकानदार लाल बांधणीच्या चोपडीत हिशेब लिहीत. आज गल्ल्याशेजारी संगणक, प्रिंटर आणि वीज गेल्यावर आधार देणारी बॅटरीची पेटी दिसते. चोपडी भरली की माळ्यावर जाई व तेथे कोणास अपाय करीत नसे. संगणकाचे तसे नाही. आपल्या गावांतील कित्येक मुलेमुली शहरांतील दुकानांत व कचेऱ्यांत नोकरीस आहेत, आणि निकामी यंत्रे बाहेर काढण्याचे काम बहुधा त्यांच्याच गळ्यात पडते. म्हणून आम्ही हा विषय वाचकांपुढे ठेवीत आहोत.

समजा, एखाद्या व्यापाऱ्याने ४०,००० रुपयांचा संगणक घेतला. आयकराच्या नियमांप्रमाणे त्याच्या उरलेल्या किमतीवर दरसाल शेकडा ४० घसारा धरता येतो. पाच वर्षांनी वहीत त्याची किंमत सुमारे ३,११० रुपये राहते. वहीपुरता तो जवळजवळ नाहीसा झाला! मग दारी कबाडी येतो, यंत्र उचलून पाहतो, काही रुपये मोजतो आणि हातगाडीवर घालून नेतो. धन्याला वाटते, अडगळ गेली व वर चार पैसेही सुटले.

परंतु त्या यंत्रात तांबे असते, जोडणीच्या टोकांवर सोन्याचा पातळ मुलामा असतो. त्याच्या आशेनेच ते विकत घेतले जाते. आशा खोटीही नाही. टोकियो येथील ऑलिंपिक व पॅरालिंपिक स्पर्धांची सुमारे ५,००० पदके जपानी जनतेने दिलेल्या जुन्या यंत्रांतील धातूंपासून घडविली गेली. २०१७ ते २०१९ या काळात सुमारे ६२ लाख मोबाईल फोन व इतर पुष्कळ उपकरणे गोळा झाली, त्यांतून ३२ किलो सोने व ३,५०० किलो चांदी निघाली. तेथे हे काम योग्य कारखान्यांत झाले. आपल्याकडे ते पुष्कळदा उघड्या अंगणात होते. तांब्यासाठी तारांवरचे प्लॅस्टिक जाळतात, सोन्यासाठी सर्किटच्या हिरव्या पाट्या तीव्र आम्लात बुडवितात, आणि उरलेले पाणी गटारात ओततात. जुन्या जाड पडद्याच्या काचेत किलो-दीड किलो शिसे असते, कधी त्याहूनही अधिक. शिशाचे कोणतेही प्रमाण बालकाच्या मेंदूस निर्धोक नाही, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. त्या अंगणातच कामगाराची लेकरे खेळत असतात.

उत्तर प्रदेशातील मुरादाबाद पितळी भांड्यांसाठी नावाजलेले शहर. तेथे सर्किटच्या पाट्या जाळून धातू काढण्याचा धंदा फोफावला आणि काळी राख रामगंगेच्या काठी साचत गेली. शेवटी २०१७ साली राष्ट्रीय हरित लवादाने नदीकाठी असा कचरा टाकणाऱ्यास एक लाख रुपये दंड ठरविला. बऱ्हाणपूरही नदीकाठचेच शहर. शिवाय सातपुड्याचे पाणी भूमिगत बोगद्यांतून शहरात आणणारा येथील कुंडी भंडारा १६१५ च्या सुमारास बांधला गेला. ज्या गावाने जमिनीखालचे पाणी इतक्या हिकमतीने राखले, त्या गावाला जमिनीत काय मुरते हे निराळे सांगावयास नको.

मग कायदा काय करतो? १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचरा नियमांनुसार, वर्षभरात यादीतील किमान एक हजार उपकरणे वापरणाऱ्या संस्थेस आपला ई-कचरा नोंदणीकृत उत्पादक, दुरुस्तीदार वा पुनर्चक्रण करणाऱ्यासच द्यावा लागतो. शनवाऱ्यातील दुकानात एक हजार कोठली? फार तर पाचदहा. लहान व्यापारी या कलमातून सहज निसटतो, आणि आमच्या मते नेमकी येथेच त्याची परीक्षा आहे. दोनतीनशे रुपये त्याच्या गल्ल्यात जास्त पडतात, पण ते कोणाच्या फुप्फुसातून वसूल होतात हे त्याला दिसत नाही. पोप फ्रान्सिस यांनी २०१५ च्या ‘लाउदातो सी’ या परिपत्रात कचऱ्याच्या प्रकारांत इलेक्ट्रॉनिक कचऱ्याचाही उल्लेख केला आहे. वस्तू टाकून देण्याची ही वृत्ती उपेक्षित माणसांपर्यंतही पोहोचते, असे त्यांनी तेथेच बजावले आहे.

आणखी एक गोष्ट नोकरदार मुलांनी ध्यानी धरावी. संगणकातील मजकूर ‘पुसला’ म्हणजे तो गेला असे नव्हे; जाणकार माणूस तो परत काढू शकतो. गिऱ्हाइकांचे फोन क्रमांक, आधार कार्डांच्या प्रती, बँकेचे हिशेब, आणि धर्मग्रामाच्या कचेरीत तर कुटुंबांच्या बाप्तिस्म्याच्या व लग्नाच्या नोंदी, हे सारे हार्ड डिस्कवर राहते. यंत्र देण्यापूर्वी ती डिस्क काढून घ्यावी आणि जाणत्याकडून पूर्ण पुसून घ्यावी, नाहीतर तिला आरपार भोके पाडावीत.

चालू स्थितीतील यंत्र अवश्य एखाद्या शाळेस द्यावे. मात्र मेलेली यंत्रे शाळेच्या व्हरांड्यात लोटून दान केल्याचे समाधान मानणारे दाते आम्ही पाहिले आहेत. त्यांच्याविषयी न लिहिलेलेच बरे. बॅटरीचा मार्ग सोपा आहे. नवी घेताना विक्रेता जुनी परत घेऊन तिची किंमत वजा करतो, हा रिवाज सर्वांच्या परिचयाचा आहे.

उरलेल्या यंत्रांसाठी केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे नोंदलेल्या पुनर्चक्रण करणाऱ्यांची यादी त्याच्या संकेतस्थळावर पाहावयास मिळते. पाच यंत्रांसाठी दूरच्या शहरातून गाडी कोण पाठवील, हा व्यापाऱ्याचा आक्षेप रास्त आहे. पण एका रस्त्यावरील वीस दुकानदारांनी वर्षातून एक दिवस ठरवून आपली यंत्रे एकत्र केली, जवळच्या शाळा व धर्मग्रामाची कचेरीही त्यांस मिळाली, तर गाडी भरते. देताना वजन व यंत्रांची संख्या लिहिलेली पावती मागावी, आणि ती त्या वर्षाच्या हिशेबाच्या कागदांतच लावून ठेवावी.