खाऱ्या पाण्याच्या टाकीतली सफाईची मंडळी

किनारपट्टीवरच्या आपल्या काही गटांनी कांदळवन कक्षाच्या योजनेतून शोभिवंत माशांचं काम सुरू केलं, हे तुम्हाला ठाऊक आहे. गप्पी, मॉली हे गोड्या पाण्यातले मासे आता हातात बसले आहेत. पुढे होमस्टेवाले, हॉटेलवाले विचारायला लागतात की, समुद्रातल्यासारखी खडकांची टाकी कराल का, तो नारिंगी-पांढरा क्लाउनफिश ठेवाल का? ठेवता येतो. पण अशा टाकीसोबत दुकानदार आणखी एक गोष्ट गळ्यात मारतो, ती म्हणजे सफाईच्या प्राण्यांचं पाकीट. गोगलगायी, खेकडे, कोळंब्या, सगळं मिळून चाळीस-पन्नास नग. ‘हे सोडा, टाकी आपोआप स्वच्छ राहील’ असं तो सांगतो. आजचं बोलणं त्याबद्दल आहे, कारण त्यात गटाच्या कर्जातले पैसे बुडू शकतात.

पहिलं समजून घेऊया. हे प्राणी झाडू मारत नाहीत, ते जेवतात. कोणी काचेवरचं शेवाळ खातं, कोणी वाळूत पडलेला उरलेला दाणा, कोणी मेलेलं काही. जे त्यांचं जेवण नाही, त्याला ते तोंड लावत नाहीत. माशांची विष्ठा बहुतेक कोणीच खात नाही. उलट त्यांची स्वतःची विष्ठा पाण्यात भर घालते. म्हणून दर आठवड्याला दहावा हिस्सा पाणी बदलायचं काम आपलंच. ते कुठल्याही गोगलगायीवर सोपवता येत नाही.

आता पन्नास तोंडं नव्या टाकीत सोडली तर काय होईल? नव्या टाकीत शेवाळ असतंच किती? पंधरा दिवसांत ते संपतं आणि गोगलगायी उपाशी मरायला लागतात. शंखाच्या आत मेलेली गोगलगाय बाहेरून दिसत नाही. ती कुजते, पाण्यात अमोनिया वाढतो आणि ज्या माशांसाठी एवढा खटाटोप केला, तेच श्वासाला धापा टाकतात. सफाईला आणलेल्यांनीच टाकी नासली, असं होतं ते.

म्हणून घाई नको. टाकीत खारं पाणी, वाळू आणि खडक घातल्यावर चार ते सहा आठवडे जिवाणू तयार व्हायला लागतात. चाचणीत अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य आले, काचेवर-वाळूवर तपकिरी थर दिसला, नंतर हिरवं शेवाळ आलं, की समजायचं पंगत मांडली गेली. तेव्हा पाहुणे बोलवायचे. आणि तेही आधी टाकीकडे बघून. घाण काचेवर आहे, वाळूत आहे, की खडकाच्या फटीत?

काच आणि खडक खरवडायला ट्रोकस गोगलगाय आम्हाला सगळ्यात बरी वाटते. आकार भोवऱ्यासारखा. तिचा मोठा गुण म्हणजे उलटी पडली तर ती बहुतेक वेळा स्वतः सरळ होते. टर्बो तिच्यापेक्षा जास्त खाते, पण अंगाने जड असते, सैल ठेवलेले खडक पाडते आणि उलटी पडली तर बरेचदा तशीच पडून राहते. रोज सकाळी टाकीत हात घालून तिला सरळ करणार असाल तरच घ्या. नेराइट काच छान साफ करते, पण ती भरती-ओहोटीच्या रेषेवर राहणारी, त्यामुळे पाण्याच्या वर चढते आणि झाकण नसेल तर सकाळी जमिनीवर सापडते.

वाळूसाठी दोन वेगळ्या जाती. सेरिथ ही लांबुडकी, निमुळती. वाळूवरचं आणि वाळूतलं शेवाळ, कण खाते. नॅसॅरियस दिवसभर वाळूत गाडून असते, फक्त एक नळी वर. खाणं टाकलं की वास घेत सगळ्या एकदम बाहेर निघतात. बघायला गंमत वाटते. पण लक्षात ठेवा, नॅसॅरियस शेवाळ खात नाही, उरलेलं मांसाहारी खाणं खाते. शेवाळ झालंय म्हणून नॅसॅरियस आणणं म्हणजे उपाशी ठेवायलाच आणणं.

शंखात राहणारा खेकडा, ज्याला हर्मिट क्रॅब म्हणतात, तो सगळं खातो आणि लहान मुलांना आवडतो. पण अंग वाढलं की त्याला मोठं घर लागतं. रिकामा शंख मिळाला नाही तर तो गोगलगायीला मारून तिचं घर घेतो. खेकडे ठेवायचेच तर थोडे ठेवा आणि टाकीत वेगवेगळ्या मापाचे रिकामे शंख टाकून ठेवा.

कोळंबीमध्ये लाल पाठीवर पांढरा पट्टा असलेली क्लीनर कोळंबी उरलेलं खाणं वेचते, माशांच्या अंगावर चढून त्यांना साफही करते. गिऱ्हाईक तिच्यासमोर उभं राहतं. ती कात टाकते तेव्हा टाकीत हुबेहूब मेलेल्या कोळंबीसारखं रिकामं कवच पडलेलं दिसतं. घाबरून जाऊ नका. दोन दिवस ती लपून बसते, कवच कडक झालं की परत येते.

शंभर लिटरच्या टाकीला सुरुवातीला किती? आमच्या मते तीन ट्रोकस, तीन सेरिथ, दोन-तीन नॅसॅरियस आणि एक कोळंबी. बस्स. महिनाभर बघा. शेवाळ उरतंय असं दिसलं तर दोन वाढवा. त्याआधी दिवा किती तास लावता आणि माशांना खाणं किती टाकता, तेही तपासा. बऱ्याचदा शेवाळाचं मूळ तिथेच असतं. उलट काच अगदी लख्ख झाली असेल तर वाळवलेल्या समुद्रशेवाळाचा तुकडा बांधून ठेवा, नाहीतर गोगलगायींना खायला काही उरत नाही. वाळू चाळणारा तारामासा मात्र लहान टाकीत घेऊच नका. काही महिन्यांत वाळूतलं सगळं खाऊन तो भुकेने मरतो.

आता एक प्रश्न नेहमी येतो. समुद्र दारात असताना विकत कशाला, खडकावरून वेचून आणूया की? नको. समुद्रकाकडी वाळू साफ करते हे खरं, पण तिला वन्यजीव संरक्षण कायदा 1972 चं संरक्षण आहे. जिवंत प्रवाळ, समुद्रघोडा आणि काही जातींचे शंखही त्यात येतात. पकडलं तर तुरुंगापर्यंत प्रकरण जातं. मालवणचं सागरी अभयारण्य तर 1987 पासून आहे. म्हणून आपल्या टाकीत खडक कोरडा किंवा चिनीमातीचा घ्यायचा, खरा प्रवाळ नाही. दुसरी भीती जिवाची. कोन शंख दिसायला सुंदर, नक्षीदार, निमुळता. आतला प्राणी विषारी काटा मारतो आणि त्याच्या मोठ्या जातींच्या दंशाने माणसं दगावली आहेत. जिवंत शंख हातात घ्यायचा नाही, मुलांनाही सांगा.

विकत घेतानाही ‘कुठून आला?’ हे विचारा. लक्षद्वीपच्या अगत्ती बेटावर राष्ट्रीय मत्स्य आनुवंशिक संसाधन ब्युरोच्या मदतीने तिथल्या बायका शोभिवंत कोळंब्या आणि क्लाउनफिश वाढवतात. समुद्रातून उचललेले नाहीत, टाकीतच जन्मलेले. असा माल मिळाला तर तो आधी घ्या.

घरी आणल्यावर पिशवीतलं पाणी आणि टाकीतलं पाणी एकदम मिसळायचं नाही. गोगलगाय आणि कोळंबी यांना क्षाराचा बदल माशांपेक्षा जास्त बाधतो. सलाईनची नळी घ्या, तिला गाठ मारून थेंब-थेंब टाकीचं पाणी बादलीत सोडा, तासभर तरी. बादली प्लास्टिकची. तांब्याचा हंडा, पितळेची कळशी या कामाला बिलकुल नको, कारण तांबं या प्राण्यांना विष आहे. माशांना पांढरे ठिपके आले की दुकानदार जे औषध देतो, त्यातही अनेकदा तांबं असतं. ते औषध द्यायचं तर मासा वेगळ्या टबात काढून द्यायचं.

उन्हाळ्यात टाकीतलं पाणी आटतं, मीठ आटत नाही. कमी झालेलं पाणी गोड्या पाण्याने भरायचं, खाऱ्याने नाही. टाकी भरली त्या दिवशी काचेवर पेनाने रेघ मारून ठेवली की रोज कळतं. आणि रात्री दिवा बंद झाल्यावर बॅटरी घेऊन एकदा बघा. सफाईची बरीच मंडळी तेव्हाच कामाला निघतात. दोन रात्री एकाच जागी असलेली गोगलगाय उचलून वास घ्या. घाण वास आला तर लगेच बाहेर काढा. वास नसेल तर होती तिथे अलगद ठेवून द्या, ती झोपलेली असते.