उन्हाळ्यातले संशोधन, दिवाळीतला अर्ज

समुद्रपूर तालुक्यात बी.एस्सी. करणाऱ्या मुलामुलींना पुढे काय करणार म्हणून विचारले, तर उत्तरे साधारण ठरलेली असतात : बी.एड., तलाठी, पोलीस भरती, एमपीएससी, नाहीतर नागपूर-बुटीबोरीकडे एखादी नोकरी. यातला कोणताही मार्ग कमी प्रतीचा नाही. पण गणित आणि विज्ञानाच्या याच विद्यार्थ्यांना देशातल्या नामांकित संस्था दर उन्हाळ्यात बोलावतात, राहण्याची सोय करतात, कित्येक ठिकाणी गाडीभाडे आणि विद्यावेतनही देतात. ही गोष्ट त्यांच्या कानावर येत नाही, किंवा आली तरी मुदत उलटल्यावर येते. हुशारीत आपली मुले मागे नाहीत. अडते ते माहितीवर आणि तारखांवर, म्हणून या लेखात त्याच दोन गोष्टी नीट मांडायच्या आहेत.

वर्षाचे वेळापत्रक

मे-जूनमध्ये एखाद्या प्रयोगशाळेत जायचे असेल, तर अर्जाची धावपळ आधीच्या दिवाळीच्या आसपास सुरू होते. नेमक्या त्याच दिवसांत आपल्याकडे सोयाबीन निघालेले असते, कापसाची वेचणी चालू असते, हरभरा पेरायचा असतो आणि विद्यापीठाची हिवाळी परीक्षाही तोंडावर आलेली असते. या धांदलीत फॉर्म राहून जातो. एप्रिलमध्ये परीक्षा संपल्यावर ‘आता सुट्टीत काही करता येईल का’ असे विचारले, तर बहुतेक ठिकाणी निवड याद्या लागून गेलेल्या असतात.

साधारण क्रम असा : सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये आयआयटी जॅम या एम.एस्सी. प्रवेश परीक्षेचे अर्ज, ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये विज्ञान अकादम्यांची उन्हाळी फेलोशिप, हिवाळ्यात गणिताचे आणि खगोलशास्त्राचे उन्हाळी वर्ग, जानेवारीत माधव गणित स्पर्धा, फेब्रुवारीत जॅमची परीक्षा. तारखा दरवर्षी थोड्या पुढेमागे होतात, महिने सहसा तेच राहतात. विभागातल्या फळ्याच्या एका कोपऱ्यात एवढे लिहून ठेवले तरी पुष्कळ काम होईल.

तीन अकादम्यांची फेलोशिप

बंगळूरची इंडियन अकॅडमी ऑफ सायन्सेस, दिल्लीची इन्सा आणि प्रयागराजची नासी या तीन अकादम्या मिळून उन्हाळी संशोधन फेलोशिप देतात. निवड झालेला विद्यार्थी दोन महिने एखाद्या शास्त्रज्ञाकडे प्रत्यक्ष काम करतो. गाडीभाडे मिळते, महिन्याचे विद्यावेतनही मिळते. अर्जात दहावीपासूनचे गुण, कोणत्या विषयावर काम करायचे आहे याचे छोटे टिपण आणि प्राध्यापकाचे शिफारसपत्र लागते.

या योजनेत प्राध्यापकही अर्ज करू शकतात, हे फारसे कोणाला ठाऊक नसते. तालुक्याच्या महाविद्यालयातले एखादे सर किंवा मॅडम दोन महिने मोठ्या प्रयोगशाळेत राहून आले, तर त्यांच्यामागून दहा विद्यार्थ्यांना वाट कळते. मला तर विद्यार्थ्याच्या अर्जाइतकाच प्राध्यापकाचा अर्ज महत्त्वाचा वाटतो.

जागांच्या मानाने अर्ज पुष्कळ येतात, त्यामुळे पहिल्या खेपेला नाव लागले नाही तर त्यात काही विशेष नाही. एकाच ठिकाणी आस लावून बसू नये. चार-पाच ठिकाणी अर्ज करावेत आणि पुढच्या वर्षी पुन्हा करावेत.

गणितवाल्यांसाठी

गणिताच्या विद्यार्थ्याला प्रयोगशाळा लागत नाही, त्यामुळे त्याच्यासाठी संशोधनाची संधी नसते असा एक समज आहे. वस्तुस्थिती उलट आहे. प्रा. एस. कुमरेसन यांनी १९९३ मध्ये सुरू केलेला एमटीटीएस हा उन्हाळी वर्ग राष्ट्रीय उच्चतर गणित मंडळाच्या मदतीने वाढला. चार आठवडे चालणाऱ्या या वर्गात बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षापासून एम.एस्सी.पर्यंतच्या विद्यार्थ्यांसाठी वेगवेगळे स्तर असतात.

तिथे शिकवण्याची तऱ्हा निराळी आहे. शिक्षक फळा भरून सिद्धता लिहून देत नाहीत, प्रश्न विचारतात. ‘सांत आणि अनंत यांत फरक काय?’ इतक्या साध्या प्रश्नावरून तासभर चर्चा चालते. विद्यार्थ्याला फळ्यापाशी बोलावतात, त्याच्या प्रत्येक वाक्याला ‘का?’ म्हणून अडवतात. गाइडमधून सिद्धता पाठ करून ऐंशी गुण मिळवलेल्या मुलाचे पहिले काही दिवस फार जड जातात. नंतर त्याला पहिल्यांदाच कळते, की आपण तीन वर्षे गणित वाचत होतो, करत नव्हतो. ज्याला खरोखर गणितात राहायचे आहे, त्याने या एका वर्गासाठी सगळे बाजूला ठेवावे.

माधव गणित स्पर्धा पुण्याचे स. प. महाविद्यालय आणि मुंबईचे होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र यांनी २००९-१० पासून चालवली आहे. चौदाव्या शतकातल्या केरळच्या माधवाचे नाव तिला दिले आहे. जुन्या प्रश्नपत्रिका सोडवल्या तरी विद्यापीठाच्या पेपरपलीकडचे गणित कसे असते ते समजते. पुण्यातलीच भास्कराचार्य प्रतिष्ठान ही संस्था गणिती श्रीराम अभ्यंकर यांनी १९७६ मध्ये स्थापन केली. तिचे ग्रंथालय आणि व्याख्याने हे गणितप्रेमी विद्यार्थ्यांचे ठिकाण आहे.

भौतिक, रसायन, जीवशास्त्र

मुंबईत मानखुर्दला असलेल्या होमी भाभा केंद्राचा एनआययूएस हा कार्यक्रम २००४ पासून चालतो. पदवीच्या सुरुवातीच्या वर्षांतल्या विद्यार्थ्यांना तिथे आधी शिबिराला बोलावतात. त्यातून निवडलेल्यांना पुढे प्रकल्प मिळतो आणि तो सुट्ट्यांमध्ये पूर्ण करता येतो. अंतिम वर्षाला पोहोचल्यावर या कार्यक्रमाचा उपयोग राहत नाही, म्हणून त्याची चौकशी पहिल्याच वर्षी करावी.

टीआयएफआर, म्हणजे टाटा मूलभूत संशोधन संस्था, उन्हाळ्यात विद्यार्थ्यांना बोलावते. पात्रता विषयागणिक वेगळी असते. पुण्यात जयंत नारळीकरांनी उभारलेल्या आयुकात खगोलशास्त्राचे उन्हाळी वर्ग आणि प्रकल्प असतात. रेडिओ खगोलशास्त्रासाठी हिवाळ्यात महाविद्यालयीन विद्यार्थ्यांची शाळाही भरत आली आहे. जुन्नर तालुक्यातल्या खोडदच्या परिसरात रेडिओ महादुर्बिणीच्या प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या तीस अँटेना आहेत, आणि ती महादुर्बीण प्रत्यक्ष पाहण्याची संधी अशाच वर्गांमुळे मिळते. पुण्याची आयसर ही संस्थाही उन्हाळी विद्यार्थी घेते.

एक सूचना इथेच देतो. इंटरनेटवरच्या जुन्या याद्यांत केव्हीपीवाय ही विज्ञान शिष्यवृत्तीची योजना अजून दिसते. ती २०२२ मध्ये बंद झाली, तिच्या मागे वेळ घालवू नये.

नागपूरच्या रस्त्यावर

मुंबई-पुण्याला पाठवायला घरचे तयार नसतील, विशेषतः मुलींच्या बाबतीत, तर हिरमुसायचे कारण नाही. जाम चौरस्त्यावरून नागपूरची गाडी पकडली, की वर्धा रोडवर पांजरीला केंद्रीय कापूस संशोधन संस्था लागते. १९७६ मध्ये स्थापन झालेली ही संस्था म्हणजे आपल्याच शेतातल्या पिकाची देशातली प्रमुख प्रयोगशाळा. नागपुरातच नीरी आहे, जी १९५८ पासून पाणी, हवा आणि सांडपाण्यावर काम करते. मातीचे नकाशे तयार करणारे राष्ट्रीय मृदा सर्वेक्षण व भूमी उपयोग नियोजन ब्यूरोही नागपूरचेच. उपग्रहचित्रांवर काम करणारे इस्रोचे प्रादेशिक केंद्र आणि राज्याचे एमआरसॅक हेही तिथेच. गणित आणि संगणक दोन्ही येणाऱ्या विद्यार्थ्याने या शेवटच्या दोन ठिकाणांचा जरूर विचार करावा, कारण उपग्रहचित्र म्हणजे मुळात आकड्यांची भली मोठी सारणी असते.

वर्ध्याला मगनवाडीत महात्मा गांधी ग्रामीण औद्योगिकीकरण संस्था आहे. खादी, रसायने, वनौषधी, ग्रामीण ऊर्जा असे तिचे विभाग आहेत. रसायनशास्त्र आणि सूक्ष्मजीवशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी तिथे चौकशी करावी.

अशा ठिकाणी उन्हाळ्याची जाहिरात निघेलच असे नाही. विभागप्रमुखांचे पत्र, आपली गुणपत्रिका आणि एका पानाचा अर्ज घेऊन विचारावे लागते. ‘काहीही काम द्या’ असे लिहिलेला अर्ज बाजूला पडतो. एखाद्या शास्त्रज्ञाचे काम वाचून त्यातल्या नेमक्या विषयाबद्दल लिहिले, तर उत्तर येण्याची शक्यता वाढते.

कापसाच्या शेतातला प्रकल्प

नव्या शैक्षणिक धोरणानुसार आता बी.एस्सी.च्या अभ्यासक्रमातच फील्ड प्रोजेक्ट आणि ओजेटी, म्हणजे प्रत्यक्ष कामाचा अनुभव, आले आहेत. ओजेटीच्या एका क्रेडिटला तीस तास काम अपेक्षित असते. पुष्कळ ठिकाणी हे तास ओळखीच्या दुकानाच्या शिक्क्यावर भरले जातात. असे करून विद्यार्थी स्वतःचेच नुकसान करून घेतो. जिल्ह्याची मृद चाचणी प्रयोगशाळा, भूजल सर्वेक्षण यंत्रणा, जिल्हा सांख्यिकी कार्यालय, हिंगणघाटकडचे जिनिंग, बुटीबोरीच्या कारखान्यांमधल्या तपासणी प्रयोगशाळा, अशा कितीतरी जागा विचारण्यासारख्या आहेत.

प्रकल्पासाठी तर गावाबाहेर जायचीही गरज नाही. कापसाच्या शेतात गुलाबी बोंडअळीसाठी कामगंध सापळे लावतात. मादी पतंगाच्या गंधाचे ल्यूर त्यात असते, नर त्या वासाने येतात आणि खालच्या पिशवीत अडकतात. सलग तीन दिवस एका सापळ्यात रोज आठ किंवा जास्त पतंग सापडले, की फवारणीचा निर्णय घ्यावा, असा सल्ला कृषी शास्त्रज्ञ देतात.

गणिताच्या विद्यार्थ्याने रोज सकाळी हे पतंग मोजून तारखेसह वहीत उतरवावेत. महिनाभरानंतर त्या आकड्यांची सरासरी आणि व्हेरियन्स काढावा. पतंग ठरावीक वेगाने, एकमेकांशी संबंध नसल्यासारखे येत असतील, तर आकडे प्वासाँ डिस्ट्रिब्यूशनशी जुळतात, आणि त्यात सरासरी व व्हेरियन्स जवळपास सारखे येतात. व्हेरियन्स सरासरीच्या कितीतरी पट निघाला, तर पतंग एका वेगाने येत नाहीत, काही रात्री त्यांची लाट येते, असा अर्थ होतो. मग खरे प्रश्न सुरू होतात : लाट पावसानंतर येते का? शेजारच्या बांधावर मागच्या वर्षीची पऱ्हाटी रचून ठेवली आहे, तिच्या बाजूच्या सापळ्यात जास्त सापडतात का? जिनिंगपासून अंतर वाढले की संख्या घटते का? पुस्तकातल्या एका धड्यावर उभा राहिलेला हा प्रकल्प ‘आविष्कार’ या राज्यस्तरीय संशोधन स्पर्धेत मांडण्याजोगा आहे. ती स्पर्धा २००६ पासून विद्यापीठांमार्फत होते आणि तिच्यात पदवीच्या विद्यार्थ्यांचा स्वतंत्र गट असतो.

अर्जातले ते टिपण

फेलोशिपच्या टिपणात ‘मला लहानपणापासून विज्ञानाची आवड आहे’ असे वाक्य जवळपास प्रत्येक जण लिहितो. निवड करणाऱ्याला त्यातून काहीच कळत नाही. त्याऐवजी ‘मी आमच्या शेतातल्या सापळ्यांचे महिनाभराचे आकडे गोळा केले, ते प्वासाँला जुळले नाहीत, का जुळले नाहीत ते मला समजून घ्यायचे आहे’ एवढे लिहिले, तर वाचणारा थांबतो. टिपण इंग्रजीत द्यावे लागते. ते आधी मराठीत लिहून काढावे, म्हणजे विचार नीट मांडला जातो, आणि मग छोट्या, सोप्या इंग्रजी वाक्यांत स्वतःच उतरवावे. दुसऱ्याच्या अर्जातली जड वाक्ये उचलली तर ती लगेच ओळखू येतात.

शिफारसपत्रासाठी प्राध्यापकांना किमान पंधरा दिवस आधी सांगावे. आणि घरबसल्या प्रमाणपत्र देतो म्हणून पैसे मागणाऱ्या ‘इंटर्नशिप’ कंपन्यांपासून दूर राहावे. त्या कागदाला पुढे कोणी विचारत नाही.

पदवीनंतर

जॅममध्ये गणित, भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, सांख्यिकी, भूशास्त्र, जैवतंत्रज्ञान आणि अर्थशास्त्र असे सात पेपर असतात. त्यातून आयआयटींमध्ये सुमारे तीन हजार जागा भरतात. एम.एस्सी.नंतर सीएसआयआर-नेट, गेट, भाभा अणुसंशोधन केंद्राची प्रशिक्षण शाळा असे मार्ग आहेत. संख्याशास्त्राच्या पदवीधरांसाठी केंद्रीय लोकसेवा आयोगाची भारतीय सांख्यिकी सेवा आहे. विमा क्षेत्रातल्या ॲक्च्युअरीच्या परीक्षाही आहेत, पण त्या लांब पल्ल्याच्या आहेत हे समजून उतरावे.

पैशांचे काय?

घरी विचारला जाणारा पहिला प्रश्न हाच असतो, आणि तो रास्त आहे. नेटमधून जेआरएफ ही संशोधनाची फेलोशिप मिळाली, तर २०२३ पासून दरमहा ३७,००० रुपये मिळतात. बारावीत बोर्डाच्या वरच्या एक टक्क्यात असलेल्या आणि मूलभूत विज्ञान घेतलेल्या विद्यार्थ्यांसाठी इन्स्पायर शिष्यवृत्ती वर्षाला ८०,००० रुपयांची आहे. त्यातले २०,००० रुपये उन्हाळी संशोधन प्रकल्पासाठीच राखलेले असतात. यंदाची जाहिरात आली आहे का, ते तेवढे पाहून घ्यावे.

पीएच.डी.साठी राज्याच्या संस्थांच्याही फेलोशिप आहेत. अनुसूचित जातींसाठी बार्टी, मराठा-कुणबी समाजासाठी सारथी, इतर मागास वर्ग, भटके-विमुक्त आणि विशेष मागास प्रवर्गासाठी नागपूरची महाज्योती. या फेलोशिपसाठी पीएच.डी.ची नोंदणी आधी झालेली असावी लागते, म्हणून मार्गदर्शक शोधण्याचे काम एम.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षातच सुरू करावे.