आगाशिवची सहल : मागच्या माणसाच्या चालीने

वर्षावास संपला, की विहारात लेण्यांच्या सहलीचा विषय निघतो. सातारा-सांगलीकडच्या आपल्या वस्त्यांना कराडजवळचा आगाशिव डोंगर सोयीचा. जखिणवाडीच्या बाजूने चढले की गवताळ उतारांवर चैत्यगृहे आणि भिक्खूंच्या निवासाच्या खोल्या लागतात. साठहून अधिक लेणी डोंगराच्या वेगवेगळ्या अंगांना विखुरली आहेत. सगळी एका दिवसात पाहण्याचा हट्ट धरू नये. जखिणवाडीकडची पाहून परतलो तरी सहल पुरी झाली.

दिवसभर खुरपे चालवणाऱ्या, धुणीभांडी करणाऱ्या आपल्या आयाबहिणी म्हणतात, "आम्हाला कसला आलाय दम!" पण कामाची सवय वेगळी आणि चढाची वेगळी. चढताना हृदयावर आणि उतरताना गुडघ्यांवर ताण येतो. मागच्या एका सहलीत आमच्यासोबतच्या एका मावशींनी पहाटेच्या एसटीच्या घाईत साखरेची गोळी घेतली, पण भाकरी खाल्ली नाही. निम्म्या चढावर त्यांना घाम फुटला, हात थरथरू लागले. खाऊची पिशवी पोरांच्या खांद्यावर, आणि पोरे पुढे निघून गेलेली. पिशवी खाली येईपर्यंत आमचा जीव टांगणीला लागला होता. तेव्हापासून आम्ही एक नियम केला : सर्वांत सावकाश चालणाऱ्याच्या चालीने सगळे चालतील, आणि खाऊ, पाणी, औषधे त्याच्याजवळच राहतील.

आधीची तयारी. ऑक्टोबर ते फेब्रुवारी हे दिवस बरे. पावसाळ्यात कातळ निसरडा असतो, उन्हाळ्यात सावली मिळत नाही. तीन आठवडे आधीपासून रोज अर्धा तास चालावे. बीपी, साखर, दमा किंवा हृदयाचा त्रास असणाऱ्यांनी आणि गरोदर बहिणींनी डॉक्टरांना विचारूनच ठरवावे. रोजची गोळी मनाने बंद करू नये, आणि साखरेची गोळी घेऊन उपाशी राहू नये.

वेळ. रेल्वेने आलात तर कराडचे स्टेशन ओगलेवाडीला आहे आणि डोंगर शहराच्या दुसऱ्या अंगाला. त्यापेक्षा एसटीने कराड स्टँडवर उतरून रिक्षा किंवा वडाप धरावे. सात वाजता चढायला लागावे. अकरा वाजता जिथे असू तिथून मागे फिरावे, चार लेणी राहिली तरी चालतील. या भागात बिबट्याचा वावर असतो, म्हणून अंधार पडेपर्यंत रेंगाळू नये आणि लहान मुलांना एकटे पुढे सोडू नये.

सोबत काय घ्यावे. मोठ्या माणसामागे दोन लिटर पाणी. लेण्यांतल्या टाक्यांचे पाणी पिऊ नये. भाकरी, चटणी, शेंगदाणे, गूळ, केळी. एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घालून जीवनजल करून न्यावे. टोपी, पायभर कपडे, बंद बूट. चप्पल वाळल्या गवतावर आणि मुरमावर घसरते. उतरताना हातात काठी असावी.

चढताना. बोलत बोलत चढता आले पाहिजे. वाक्य पुरे होण्याआधी धाप लागली, तर चाल कमी करावी. छातीत दुखले, दाटून आले किंवा डोळ्यांपुढे अंधारी आली, तर तिथेच बसवून १०८ ला फोन करावा. साखर उतरल्याची लक्षणे दिसली, तर तीन चमचे साखर पाण्यात कालवून द्यावी, पंधरा मिनिटे थांबावे, मग खायला घालावे. माणूस बेशुद्ध असेल, तर तोंडात काहीही घालू नये.

साप चावला, तर चिरू नये, आवळून बांधू नये, मांत्रिकाकडे तर मुळीच जाऊ नये. चावलेला भाग हलू न देता माणसाला उचलून खाली आणावे आणि थेट सरकारी दवाखान्यात न्यावे.

लेण्यात शिरण्यापूर्वी वर पाहावे. आग्या मोहोळ दिसले, तर मेणबत्ती-अगरबत्ती लावू नये, आरोळ्या मारू नयेत. वंदना बाहेर, दूर बसून घ्यावी. विडी तर नकोच. एका ठिणगीने सारा उतार पेटतो.

निघताना माणसे मोजावीत आणि पायथ्याला आल्यावर पुन्हा मोजावीत. जितकी चढली, तितकी धडधाकट उतरली पाहिजेत. लेणी तिथेच आहेत. राहिलेली पुढच्या वर्षी पाहू.