पुरात नाव काढणाऱ्या पोरांसाठी नवे नियम : काय बदललं आणि कशासाठी

 

मागच्या मिटिंगमध्ये जे ठरलं ते ठरावाच्या वहीत लिहिलं आहे, पण वही कोण वाचते? दोन-तीन घरून फोन आले. एक काकू ऑफिसात येऊन बोलूनच गेल्या, "माह्या पोराले लहानपणापासून पोहता येते, त्याची परीक्षा घेणारे तुम्ही कोण?" काकूंचा राग बरोबर आहे, आम्हीच नीट समजावलं नाही. म्हणून इथं सविस्तर लिहितो. जरा लांब झालं आहे, पण ज्याच्या घरचा माणूस पुरात नाव काढतो त्यानं पूर्ण वाचावं.

पहिली गोष्ट, हे नियम रोजच्या मासेमारीचे नाहीत. तुम्ही सकाळी जाळं लावायला जाता त्यात सोसायटी काही बोलत नाही. हे नियम फक्त तीन कामांसाठी आहेत. पैनगंगेला पूर आला आणि कोणी अडकलं, गणपती विसर्जनाला डोल्लारा घाटावर किंवा गावच्या घाटावर पोरं उभी राहिली, आणि कोणी बुडालं म्हणून शोधायला नाव काढली. या कामाला पगार नाही. तहसीलचा किंवा पोलिसांचा फोन येतो, गजईतगाळ्ळू पाठवा म्हणतात, आणि आपली पोरं हातातलं काम टाकून जातात. आजपर्यंत यात नियम असा एकच होता, ज्याला पोहता येते त्यानं जावं.

आता विचाराल, सोसायटीत येताना मत्स्य विभागाची स्किल टेस्ट दिली होती ना? दिली. पण ती मासेमारीची टेस्ट आहे. चांगलं जाळं टाकणारा माणूस, घाबरून गळ्याला मिठी मारणाऱ्या दुसऱ्या माणसाला पाण्यातून काढू शकेलच असं नाही. ते वेगळं काम आहे.

दोन घटना सगळ्यांनी लक्षात ठेवाव्या. ८ ऑगस्ट २०१९ ला सांगली जिल्ह्यातल्या ब्रह्मनाळ गावात कृष्णेच्या पुरातून लोकांना बाहेर काढताना गावातलीच नाव उलटली. १७ जीव गेले. नाव वाचवायलाच निघाली होती, पण तिच्यात झेपतील त्यापेक्षा जास्त माणसं बसली होती. दुसरी घटना २३ मे २०२४ ची. अकोले तालुक्यात सुगावजवळ प्रवरा नदीत बुडालेल्याला शोधायला राज्य आपत्ती दलाची बोट गेली आणि तीच उलटली. त्यात दलाचे तीन जवान गेले. ती ट्रेनिंग घेतलेली, रोज हेच काम करणारी माणसं होती. मग आपलं काय?

म्हणून पहिला बदल वजनाचा. यापुढे पथकाच्या प्रत्येक नावेवर, आतून आणि बाहेरून, रंगानं आकडा लिहिला जाईल. आकडा अंदाजे टाकायचा नाही. तलावाच्या थांबलेल्या पाण्यात नाव उभी करून त्यात ५० किलोची पोती ठेवायची, एका माणसाला दीड पोतं धरायचं. नावेचा काठ पाण्यापासून दीड वीत राहिला की पोती थांबवायची, आणि तेवढीच माणसं. या आकड्यात नावाडी आणि पथकाची पोरंही येतात. हे पुन्हा सांगतो कारण गफलत इथंच होते. आठची नाव म्हणजे तीन पथकाचे आणि पाच लोक, आठ लोक नाही. वाहत्या पाण्यात नाव एका बाजूला कलते, लोक घाबरून त्याच बाजूला उभे राहतात, आणि दीड विताचा काठ एका क्षणात संपतो. थर्माकोलचे तराफे आणि ट्यूब मासेमारीला ठीक आहेत, पथकाच्या कामाला बंद.

दुसरा बदल बॅरेज आणि बंधाऱ्याचा. कोरटा-चनाखा बॅरेज असो की नाल्यावरचा छोटा बंधारा, त्याच्या खालच्या बाजूला, जिथं पाणी पडून फेस होतो, तिथं नाव न्यायची नाही. वरून पडणारं पाणी तळाला जाते आणि वरचं पाणी उलटं बंधाऱ्याकडे ओढलं जाते. नाव एकदा त्यात गेली की वल्हं मारून बाहेर येत नाही, फिरत राहते आणि भरते. त्यात फेसाळ पाण्यात हवा असते, म्हणून तिथं माणूसही नीट तरंगत नाही. कितीही पट्टीचा पोहणारा असो. अशा ठिकाणी काठावरून दोरी फेकायची, नाहीतर मोठ्या दलाची वाट पाहायची. आणि वर इसापूर धरणाचे दरवाजे उघडले किंवा सात्नाला प्रोजेक्टमधून पाणी सोडलं तर नाव पाण्यात घालण्याआधी पाणी वाढते आहे की उतरते आहे ते विचारायचं. काठावर काठी रोवून खूण करा, अर्ध्या तासात कळते.

आता परीक्षा. वय १८ पूर्ण ते ५०. अंगात शर्ट-पँट घालून ५० मीटर पोहायचं, कारण पुरात कोणी चड्डीवर जात नाही. मग १५ मिटं हातपाय न मारता तरंगून दाखवायचं. दहा मीटरवर उभ्या माणसाच्या हाताजवळ दोरी फेकायची, तीन वेळांपैकी दोन वेळा बरोबर पडली पाहिजे. मागून येऊन बुडणाऱ्याला कसं धरायचं ते दाखवायचं. ज्याला फिट येते किंवा छातीचा त्रास आहे त्यानं काठावरचं काम घ्यावं, त्यात कमीपणा नाही. दोरी धरणारा नीट असेल तरच नावेतला परत येते. परीक्षा दर वर्षी मिरगाच्या आधी. मागच्या वर्षी पास झाला म्हणून या वर्षी चालणार नाही. वासावरून कळलं की घेतली आहे, तर तो त्या दिवशी घरी. विसर्जनाला हे जास्त लागू आहे, कोणाबद्दल बोलतो ते त्यांना माहीत आहे.

क्रम असा ठेवायचा : आधी काठावरून आवाज देऊन धीर द्या, मग बांबू पुढे करा, मग दोरी किंवा ट्यूब फेका, मग नाव. पाण्यात उडी सगळ्यात शेवटी. आपली पोरं उलटं करतात, आधी उडी. जनावर, मोटार, टीव्ही वाचवायला नाव निघणार नाही. रात्री निघणार नाही, समोर माणूस दिसत असेल आणि उजेडाची सोय असेल तेव्हाच.

माणूस बाहेर काढला की त्याला उलटं टांगायचं नाही, पोट दाबायचं नाही. ही आपल्याकडची जुनी सवय आहे, यात वेळ जाते आणि पोटातलं पाणी छातीत जाते. श्वास नसेल तर नाक धरून तोंडानं दोनदा श्वास द्या, मग छातीच्या मधोमध ३० वेळा दाबा, परत दोन श्वास. १०८ येईपर्यंत थांबू नका.

लाइफ जॅकेट नावेत ठेवायचं नाही, काठावरच घालून बसायचं, पट्टे बांधून. ज्याचा पट्टा तुटला, आतला फोम चुरा झाला, ते जॅकेट जाळून टाका. ठेवलं की कोणीतरी घालतेच.

एका नावेत बाप-लेक किंवा दोन सख्खे भाऊ बसणार नाहीत. यावर मिटिंगमध्ये फार वाद झाला, भाऊच भावाला सांभाळते असं म्हणणं होतं. खरं आहे. पण नाव गेली तर त्या घरात मग कमावणारं कोण राहते? ठराव मतानं झाला.

आता कागदाचं. मागे एकदा आपल्या दोन पोरांना एका ऑफिसातून फक्त फोनवर बोलावलं. एकाचा पाय मोडला, आणि नंतर आम्ही बोलावलंच नव्हतं असं ऐकावं लागलं. म्हणून यापुढे फोन आला की रजिस्टरमध्ये वेळ, फोन करणाऱ्याचं नाव-हुद्दा आणि जाणाऱ्यांची नावं लिहायची, आणि त्याच माणसाला व्हॉट्सॲपवर पाठवायची. हे का? राज्य आपत्ती निधीच्या नियमात मृत्यूला ४ लाख आहेत, आणि मदतकार्यात गेलेला माणूसही त्यात येतो, पण अधिकाऱ्याचा दाखला लागतो. नोंद नसेल तर दाखला कशावर देतील? दुसरा आधार प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजनेचा अपघात विमा. मृत्यू किंवा कायमचं पूर्ण अपंगत्व आलं तर ५ लाख, कायमचं अर्धवट अपंगत्व आलं तर अडीच लाख, दवाखान्यासाठी २५ हजारापर्यंत. हप्ता सरकार भरते, आपण फक्त नाव चढवायचं. ज्याचं नाव विम्यात नाही तो पथकात नाही, मग तो चेअरमनचा पोरगा असो की माझा.

एक सूचना इंजिनवाल्यांना. पथकाचं कार्ड म्हणजे सवारी वाहण्याचं लायसन नाही. १९१७ चा जुना कायदा जाऊन २०२१ चा अंतर्देशीय जलयान कायदा आला आहे. इंजिनच्या नावेनं पैसे घेऊन माणसं नेली तर नावेची तपासणी, नोंदणी, चालवणाऱ्याचं प्रमाणपत्र आणि विमा हे सगळं लागते. विसर्जनाला लोक हौसेनं बसू द्या म्हणतात, ऐकू नका.

परीक्षा येत्या रविवारी सकाळी सातला, तलावाच्या पायऱ्यांवर. आधार कार्ड, बँक पासबुकची झेरॉक्स आणि सोसायटीचं कार्ड आणा. पोती सोसायटी देईल, नावा तुम्ही आणा. आणि काकू, तुम्ही पण या, पोरगा पोहताना बघा.

— सेक्रेटरी