विमानाचे तीन तास, हायवेचे किती?

वसईतल्या गोखिवऱ्याहून मुंबईला सहारच्या विमानतळावर गिऱ्हाईक सोडणं-आणणं हा माझा धंदा. गाडीत बसल्या बसल्या निम्मे लोक मोबाइलवर विमानाचं अंतर बघतात. तो आकडा म्हणजे दोन विमानतळांमधली सगळ्यात जवळची रेघ. विमान त्या रेघेला धरून कुठलं जातंय! ठरलेल्या हवाई वाटा, ढगांना घातलेला वळसा, उतरायची रांग, यात किलोमीटर वाढतातच.

किलोमीटरवरून वेळ काढायला गेलात तर आणखी फसाल. मुंबईहून गोव्याचं दाभोळी सव्वाचारशे किलोमीटर, दिल्ली साडेअकराशेच्या जरा आत. अंतर अडीचपटीहून जास्त, पण तिकिटावर गोव्याला साधारण सव्वा तास आणि दिल्लीला सव्वादोन. कारण तिकिटावरची वेळ विमान जागचं हललं तिथपासून पुन्हा जागेवर लागेपर्यंतची. ताशी 800 किलोमीटरचा वेग वर गेल्यावरचा. खालचं रांगत जाणं, चढणं, उतरणं दोन्हीकडे जवळपास सारखंच. त्यात मुंबईच्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, म्हणून एका वेळी एकच चालते. गर्दीत विमानं वर घिरट्या घालत बसतात. कंपन्या हे सगळं धरूनच वेळ छापतात. मग एखाद्या दिवशी रांग नसली, की ‘वीस मिनिटं आधीच उतरलो, कुठे आहेस?’ म्हणून मलाच फोन.

वसईतल्या कितीतरी घरांतली मुलं आखातात आहेत, त्यामुळे दुबईच्या फेऱ्या बऱ्याच. दुबई इथून 1,930 किलोमीटरच्या आसपास. जाताना सव्वातीन तास धरा, येताना तीनच्या आत-बाहेर. उंचावरचा वारा, हिवाळ्यात तर विशेष, बहुतेक वेळा पश्चिमेकडून येतो. जाणाऱ्याला समोरून, येणाऱ्याला पाठीशी. पण खरा घोळ घड्याळाचा.

“रात्री 10 ला विमान सुटतंय रे, तीन तास, 1 वाजता तिथे उभा राहा,” दुबईहून येणाऱ्या मुलाला आणायला एका काकूंचा फोन.

“काकू, दुबई आपल्या दीड तास मागे. तिकडे 10 म्हणजे इथे साडेअकरा. तो अडीचला उतरणार.”

त्यावर पासपोर्टची रांग, पट्ट्यावरच्या बॅगा. पोरगा बाहेर येईपर्यंत साडेतीन. मी दीड वाजून गेल्यावर निघतो.

गोखिवरे ते विमानतळ सरळ रेषेत 35 किलोमीटर. वरच्या विमानाला तीन मिनिटंही लागायची नाहीत. मला रात्री दोनला तास पुरतो. दिवसा चिंचोटी, बापाणे, वर्सोवा पूल, घोडबंदरचा नाका, काशीमिरा, दहिसर, यातलं कोण अडवेल त्यावर. आणि विमान सुटायच्या 25 मिनिटं आधी गेट बंद होतं, तिथे हायवेचं कारण चालत नाही. म्हणून संध्याकाळी 7 च्या दिल्लीच्या विमानाला मी दुपारी 2 लाच दारात गाडी लावतो. सव्वादोन तासांच्या प्रवासाला पाच तास आधी कशाला, म्हणून गिऱ्हाईक कुरकुरतं. चिंचोटीला ट्रकांची रांग दिसली, की त्याची कुरकुर थांबते आणि माझ्या मोबाइलवरचा नकाशा दोघं मिळून बघायला लागतो.